कौसाबाईंच्या बाथरूमचं दार

दहा दिवसांत मी कौसाबाईंकडे सेवेला ठेवलेल्या तीन मुली बदलल्या. चूक माझीच होती, पण तेव्हा ते माझ्या डोक्यात शिरणं अवघड होतं. नांदेडला नर्सिंग शिकलेली, सरकारी दवाखान्यात वीस वर्षं हुकूम सोडलेली सिस्टर मी. लातुरात घरपोच सेवेचं काम नुकतंच सुरू केलं होतं. छापील फॉर्म हातात आला की सगळी अक्कल आपल्याकडेच आहे असं मला वाटे.

कौसाबाई सत्तरीच्या. भूकंपात गाव गेलं तशा त्या लातूरला मुलाकडे आल्या. पुढं मुलगा नोकरीला पुण्याला गेला, या एकट्या राहिल्या. पडल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं. वॉकर धरून रोज चाला, संडास-आंघोळीला बाथरूममध्येच जा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पडून राहिलं तर बेडसोअर होतात, म्हणजे दाबानं कातडीला जखमा. आणि पाय कायमचे जातात.

मी लगेच केअर प्लॅन केला. दिवसभरात कुणी, कधी, काय करायचं त्याचा कागद. शहरात कोचिंग क्लासेसचं पेव फुटलं होतं, त्यांच्या टाइमटेबलसारखा तासातासाचा, खाली मुलींसाठी नियम. मुलाशी फोनवर बोलून ठरवला. कौसाबाईंना वाचून दाखवला. विचारलं काहीच नाही.

पहिल्याच दिवशी त्या बाथरूममध्ये गेल्या आणि आतून तांब्या आपटत बाहेर आल्या. त्यानंतर उंबऱ्याशी आल्या की परत फिरायच्या आणि बेडपॅन मागायच्या. मी मुलगी बदलली. पुन्हा तेच, पुन्हा बदलली. तिसरीलाही काढलं. शेवटी त्यांनी चालणंच सोडलं. कमरेखाली लाल चट्टा दिसला, तशी माझी पाचावर धारण बसली.

मुलाला कळवलं. तो म्हणाला, रविवारी येतो आणि आईला घेऊन जातो. पुण्यात त्याचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर. हे ऐकून कौसाबाईंनी भिंतीकडं तोंड केलं ते केलंच. जेवणही सोडलं.

त्या दिवशी गुरुवार होता आणि माझ्याकडं मुलगी उरली नव्हती. कौसाबाईंच्या समोरच्या खोलीत औशाकडची अनुसया भाड्यानं राहायची. लेक अकरावीला, तिला करून घालायला आलेली. अशा आया तेव्हा गल्लोगल्ली होत्या. लेक क्लासला गेली की दिवसभर रिकामी. सर्टिफिकेट नाही म्हणून आधी मी तिला नाही म्हटलं होतं. आता तिलाच हात जोडले.

ती कौसाबाईंना गोडीगुलाबीनं उंबऱ्यापर्यंत घेऊन आली. म्हातारी थांबली. अनुसयानं बाथरूमच्या दाराकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"दार लावता व्हय तुम्ही?"

लावतो म्हणजे काय, प्लॅनमधला चौथा नियमच होता तो, मुलींकडून घोकून घेतलेला. पेशंट आत गेल्यावर दार बंद करावे. प्रायव्हसी.

"सिस्टर, भूकंपापासनं म्या बी लावत न्हाई. जीव कोंडतोय. ह्यांच्या तर अंगावर घर पडलं."

कौसाबाईंनी नुसती मान हलवली. एकट्या होत्या तोवर त्या दार सताड उघडं ठेवूनच सगळं उरकत होत्या. परक्या पोरींपुढं 'भीती वाटते' एवढं त्यांच्या तोंडून निघत नव्हतं.

मी तरी हुज्जत घातलीच. उघड्यावर बाईमाणसाची लाज काय राहील?

"लाज पडद्यानं बी झाकती की. दार काढा."

सुतारानं बिजागऱ्या सोडवल्या. जुन्या लुगड्याचा पडदा मी स्वतः बांधला. कौसाबाई वॉकर ठोकत आत गेल्या. पाण्याचा आवाज आला. मग आतून फर्मान आलं, पाणी अजून कडक पाहिजे. मी अंगणात अक्षरशः उड्या मारल्या, जशी काही माझीच लेक बोर्डात आली. पन्नाशीला टेकलेली बाई, पांढऱ्या साडीत. समोरच्या मेसवाल्यानं काय झालं म्हणून विचारलं. मी ओरडून सांगितलं, आंघोळ झाली.

रविवारी मुलगा आला तेव्हा आई अंगणात केस वाळवत होती. तिनं त्याला चालून दाखवलं, दोनदा. संध्याकाळच्या बसनं तो एकटाच परत गेला. पुढं चट्टाही गेला.

आता घरी बाई ठेवण्यासाठी कुणी सल्ला विचारला, तर मी सांगते. सर्टिफिकेट बघा, पण बाई आसपासची असली तर बरं. आणि कागद करायच्या आधी पलंगावरच्या माणसाला विचारा. शिकायला मला पन्नास वर्षं लागली.

मी कौसाबाईंची माफी मागितली, तेव्हा त्या म्हणाल्या, "पोरी लई गुणाच्या होत्या तुमच्या, सिस्टर. तुम्ही त्यांना जरा कमी शिकवलं असतं, तर पहिल्याच दिवशी भागलं असतं."