पोटानं सोडायला लावलेलं गाव

शेणव्याहून निघाले तेव्हा बाबा जीपपर्यंत आले. ड्रायव्हरला म्हणाले, "ती थांब म्हणली का थांबव रे. कशाला ते विचारू नको."

तुम्हा गावातल्या सगळ्यांना कळलं ते एवढंच, की मला कल्याणला नोकरी लागली. लागली होती, पण मी गेले ती घरातच संडास असलेल्या खोलीसाठी. माझ्या मोठ्या आतड्याला जखमा आहेत. पोट उठलं की पळावं लागतं, रक्त पडतं. आणि आपला संडास वाडीच्या टोकाला, तोही सामाईक.

इथं नळ आहे, कडी आहे. निवांतपणा नाही. ऑफिसात दाराजवळची खुर्ची मागून घेतली. बाहेर जायचं असलं की सकाळपासून खात नाही. बसले असले तरी अर्धी उठलेलीच असते.

मागे दवाखान्यात एका मुलीनं प्रश्न विचारायला बसवलं. या आजारानं रोजच्या जगण्याचं काय होतं, ते तिथल्या डॉक्टरांना मोजायचं होतं.

"आजारामुळे कार्यक्रमांना जाणं टाळता का? कधीच नाही, कधीकधी, की नेहमी?"

"कधीकधी," मी म्हटलं. मग धाकट्या बहिणीचा, मंदाचा साखरपुडा आठवला. फोनवर पाहिला होता. मुरबाडची मावशी वारली, तिच्या दिवसांनाही गेले नव्हते.

"नेहमी लिहा," मी म्हटलं. तिनं खोडून लिहिलं आणि पुढचा प्रश्न विचारायची थांबली. मला रडू येत होतं.

मंदाची हळद तोंडावर आली होती. बाहेर येऊन आईला फोन लावला. सुट्टी नाही, असं सांगणार होते. त्याआधीच ती म्हणाली, "मधीच उठलीस तर उठशील. तू ये गो."

गेले. वाटेत एकदा उतरावंच लागलं. जीपमधल्या दोन अनोळखी बायका उतरून झुडपापाशी पाठ करून उभ्या राहिल्या. परत बसल्यावर शहापूर मागे पडेपर्यंत मी बाहेरच बघत राहिले.

हळद लागत असताना पोट उठलंच. वाडीच्या टोकावरून परत आले तर मांडव गच्च भरलेला. कुणीतरी माझ्या जागेवर बसू पाहत होतं. आई सतरंजीवर तळहात ठेवून म्हणाली, "हितं नाय. हितं माझी पोर बसलीय."

आता पुन्हा कल्याणला आहे. घराची आठवण येते का, असं विचारता. येते, पण घराची नाही. आईच्या हाताखालच्या त्या वीतभर सतरंजीची येते.