विहिरीवरची करवंटी

पुण्याला निघाले त्या सकाळी बाबा केळीला पाणी सोडत होते. माझी बॅग स्कूटरवर चढवताना म्हणाले, "वनस्पतिशास्त्र सोडून अर्थशास्त्र? त्या पुस्तकातली माणसं कुठल्या गावची, ते आधी बघ." संशय आमच्या घरात वारशानेच येतो, त्यामुळे मला राग आला नाही.

वसईतली आमच्या वाडीची विहीर दोन घरांची, आमची आणि काकांची. ज्याची पाण्याची पाळी, त्याच्या दारावर नारळाची करवंटी. आपलं शिंपणं झालं की ती दुसऱ्याच्या दारी नेऊन टांगायची. काका ती उशिरा आणतात, असा मला लहानपणापासून संशय.

इथे पुण्यात डिमांड आणि इलास्टिसिटीने आठवडाभरात डोकं उठवलं. मी पानांच्या शिरा ओळखणारी, मला ते कर्व्ह कुठे कळायला! मग मॅडमनी शिकवलं, सामायिक वस्तू माणसं ओरबाडून संपवतात. मी हात वर केला. म्हटलं, आमची विहीर अजून भरलेली आहे.

"पाळी कोण मोडतं, ते घरी विचारून या," मॅडम म्हणाल्या. मला वाटलं, टाळतायत.

त्यातच कळलं, काका स्वतःची बोअर मारणार. बोअर खोल गेली की विहीर आटणार, हे कळायला पुस्तक लागत नाही. दिवाळीला घरी गेले ती भांडायच्याच तयारीने.

काकांनी ओट्यावर बसवून शांतपणे सांगितलं, "करवंटी तुझे बाबा आपल्याच दारी अडकवून ठेवतात. तू कॉलेजला गेलीस तेव्हापासून. तुझ्या फीसाठी मोगरा वाढवला ना त्यांनी."

"मग बोलला का नाहीत?"

"पोरीच्या शिक्षणाच्या आड कोण येणार? पण आता माझी केळी सुकतायत गं."

बाबा मागेच उभे होते. पुस्तकातला माणूस आमच्याच घरचा निघाला, आणि निघाला तो माझ्यापायी. मला फार लाज वाटली. गाव सोडून शिकायला गेलेल्यांनो, परत आलात की आधी आपल्याच दारावर बघा.

दुसऱ्या दिवशी बाबांनी मोगऱ्याच्या चार ओळी उपटून काढल्या आणि करवंटी वेळेआधी नेऊन टांगली. काकांनी बोअरवाल्याला अजून 'नको' म्हटलेलं नाही, 'थांब' म्हटलंय.

माझं घर आता दोन फोनांत मावतं. पहिला बाबांना. ते सांगतात, "दिली गं, वेळेत दिली." मग काकांना फोन करून मी खात्री करून घेते.