बाबांची तुतारी आणि दादाचं साक्षगंध

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, हिंगणी-सेलू रस्त्यावर एका प्रजासत्ताकदिनी जे रक्त सांडलं, त्याला मी, माझा थोरला भाऊ आणि आमच्या घरची तुतारी, म्हणजे बैल हाकायची काठी, असे तिघेच जबाबदार होतो. कृपया उभं राहून वाचावं.

नव्वदच्या दशकात त्या रस्त्यावर सव्वीस जानेवारीला गावागावांच्या टोळ्यांची शर्यत व्हायची. चौघांनी रस्ता वाटून घ्यायचा आणि हातातली काठी पुढच्याला द्यायची. काठी ज्यानं त्यानं आपली आणायची. आदल्या वर्षी आमची लोखंडी नळी गारठलेल्या बोटांतून निसटून नालीत गेली होती, म्हणून दादानं यंदा बाबांची जुनी तुतारी कापली. तुतारीच्या टोकाला आर असते, बैलाला टोचायचा अणकुचीदार खिळा. शहाण्या माणसानं मागचा तुकडा घेतला असता. दादानं आरेकडचा घेतला, कारण तो मुठीत छान बसत होता.

"आर काढली काय?" मी विचारलं.

"चिंधी बांधली ना बे. काऊन घाबरून राह्यला?"

घाबरायला कारण होतं. नदीपलीकडच्या गावातली मुलगी दादाला मनापासून आवडली होती. साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, आठ दिवसांवर आलं होतं आणि त्या गावाच्या टोळीत शेवटचा गडी होता तिचा सख्खा भाऊ. हा भाऊ इतका सुस्त, की जेवायलाही तिसऱ्या हाकेला उठायचा. बापानं हट्टानं त्याला टोळीत घातलं होतं आणि स्वतः शेवटच्या रेषेवर फीत धरून उभा राहणार होता.

निघताना आईनं दादाला बजावलं, "हरून ये, पण तिच्या घरच्याशी भांडू नको. सोयरीक मोडली तं मी तुयं तोंड नाई पाहणार."

पहिला मी पळालो. बोर धरणाकडचा वारा बनियनमधून आरपार जात होता. पहिल्याच वळणावर पलीकडच्या गड्यानं माझ्या बरगडीत कोपर असं घातलं, की मी तुरीच्या शेतात तोंडावर पडलो. उठून धावलो, पण चिंधी तुरीतच राहिली. मला ते कळलं नाही, माझी बोटं केव्हाच मेली होती. कळलं ते आमच्या दुसऱ्या गड्याला, कारण मी काठी टोकाकडून त्याच्या तळहातात खुपसली. तो असा बोंबलला की शेकोटीजवळची कुत्री पळाली. आधी त्यानं मला एक सणसणीत कानाखाली ठेवून दिली, मग तो धावायला लागला. पुढे जाऊन सगळा राग काढत त्यानं तिसऱ्यालाही ती टोकाकडूनच दिली.

तोवर पलीकडची टोळी दोन शेतं पुढे गेली होती.

धावून झालेल्यांना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून मागून आणत, त्यामुळे पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं. तिसरा गडी भला माणूस. त्यानं दादाला काठी नीट मुठीकडून दिली आणि तिथेच घात झाला. मूठ हातात, आर पुढे. दादाचा हात लहानपणापासून एवढंच शिकला होता.

दादानं होणाऱ्या साळ्याला अरुंद पुलावर गाठलं. साळा डुलत डुलत पळत होता, पण वाट सोडत नव्हता. दादा डावीकडून घुसला, तर त्याच्या नडगीवर लाथ बसली. उजवीकडून घुसला, तर कोपर तोंडावर आलं आणि ओठ फाटला. दादानं शिवी दिली नाही, आईची आठवण असावी. त्यानं फक्त रक्त थुंकलं. समोर आडवं रेंगाळणारं ढुंगण बघून त्याच्या तोंडून "होऽऽ, चाल!" निघालं आणि हात आपोआप पुढे गेला.

जी किंकाळी उठली, तिनं पुलाखालचे बगळे उडाले. साळा उधळला. शंभर पावलं त्यानं दहा उड्यांत संपवली, फीत तोडली, फितीसकट बापाला आडवा केला आणि तसाच मागे वळून पाठोपाठ आलेल्या दादाच्या नाकावर ठोसा हाणला. पाठोपाठ त्यांचं अख्खं गाव आलं, ट्रॉलीतून आम्ही उड्या टाकल्या. चपला, तुराट्या, लेझीम, जे हाती लागेल ते चाललं. माझा पुढचा दात अजून तिथल्या मातीत असेल. तिघांनी दादाला पाडून तुडवायला घेतलं. तो हातही उगारत नव्हता, नुसता म्हणत होता, "गेली सोयरीक, गेली."

एवढ्यात मुलीचा बाप धुळीतून उठला. टोपी गेलेली, कोपर सोललेलं. गर्दीत घुसून त्यानं दोघांना मानगूट धरून मागे ओढलं. आता हा शेवटचा घाव घालणार, म्हणून दादानं डोळे मिटले. म्हातारा गावावर ओरडला,

"अबे, माया जवायाले मारता काऊन? जलमात पयल्यांदा माया पोट्टा पयला आला, याच्याच हातानं आला ना बे!"