चढावर थांबलेली गाडी

आमच्या तांड्याला यायला एक चढ आहे. गोरेगावकडून येणारा रस्ता ओढ्यापर्यंत गुमान येतो आणि ओढा ओलांडला की एकदम उभा राहतो. पायी येणारी माणसं अर्ध्यावर, पळसापाशी, थांबून दम घेतात. दुपारी ओसरीत बसले की माझा एक कान त्या चढाकडं असतो. सून विचारते, "आई, काय ऐकून राहिल्या?" मी म्हणते, "काही न्हाई." पण तसं नसतं, म्हणून हे लिहायला बसले. शाळेत मी गेले नाही. अक्षरं शिकले ती लेकीच्या पाटीवर, आणि नंतर ट्रकच्या मागच्या फाळक्यावर लिहिलेलं वाचून वाचून. तेव्हा कुठं वेडंवाकडं झालं तर चालवून घ्या.

माझ्या मालकाकडं, म्हणजे लेकरांच्या बापाकडं, एक जुना डोझर होता, साखळीवर चालणारा. बांध टाकायचे, उंचसखल रान सपाट करायचं, तळ्यातला गाळ ढकलायचा, अशी कामं. नव्वदच्या पुढची ती वर्षं, आमच्या सेनगावच्या बाजूला असली मशीनं मोजकीच होती. लोक हात जोडून बोलवायचे. पण साखळीचं मशीन रस्त्यावरून चालत नेता येत नाही. डांबर उखडतं, साखळीही खराब होते. त्याला ट्रकवर चढवूनच न्यावं लागतं. आणि भाड्याचे ट्रकवाले नाही म्हणायचे. कापूस नेऊ, सोयाबीन नेऊ, म्हणायचे, पण हे लोखंड एकाच जागी बसतं, गाडीच्या स्प्रिंगचे पाटे मोडतं.

मग काय व्हायचं, काम संपलं तरी डोझर तिथंच. आणि डोझर तिथं म्हणून माणूसही तिथंच. मशीन रानात एकटं सोडलं की कुणी डिझेल काढून न्यायचं, कुणी बॅटरी. एकदा साखऱ्याला काम चार दिवसांत उरकलं आणि माणूस एकोणीस दिवस परतला नाही. मी भाकरी बांधून गेले. बघते तर डोझरच्या सावलीला बसून दोरी वळून राहिलेला. दाढी वाढलेली. मला बघून म्हणाला, "पाव्हणी आली का?"

मी तिथंच म्हटलं, "आपली गाडी घ्या."

"गाडी म्हणजे खेळणं हाय का?"

"खेळणं नका घेऊ. हे उचलंल असली घ्या. काम सरलं की मशीन टाकायचं पाठीवर अन् घरी यायचं."

खरं सांगते, मला गाडीची हौस नव्हती. मला माणूस घरी पाहिजे होता. लेकरं बापाला पाव्हणा समजायला लागली होती. गाडी आली की हा घरी येईल, एवढा सरळ विचार होता माझा. मशीनपाशी दोन-चार दिवसांपुरता एक राखणदार बसवला आणि दोघं घरी आलो.

घरात शेवटचा शब्द सासऱ्यांचा. त्यांच्या आज्याच्या पिढीपर्यंत आमची माणसं बैलांच्या पाठीवर धान्य अन् मीठ लादून मुलूखभर फिरायची. ते दिवस सासऱ्यांनीही पाहिले नव्हते, पण बैल पारखायची विद्या घरात राहिली होती. बाजारात चार गावची माणसं त्यांना बैल दाखवायला न्यायची. ट्रक घ्यायचा म्हटल्यावर म्हातारा उठला, आणि साखऱ्यात माझ्या मालकानं वळलेली ती नवी दोरी त्यानं आपल्या खांद्यावर टाकली.

मालक म्हणाला, "बा, दोरी काहून?"

"जनावर घ्यायला जाताना आपलं दावं न्यावं लागतं. विकणारा आपलं दावं देत नसतो."

"ते जनावर न्हाई, ट्रक हाय."

"ओझं वाहतं का न्हाई? मग?"

आणि मला म्हणाले, "बाई, तू बी चल. तुला घाई हाय ना." म्हाताऱ्याला सगळं कळत होतं.

हिंगोलीत एका आवारात दोन ट्रक उभे होते. विकून देणारा मिस्त्री मोठा बोलका. पहिली गाडी निळी, नवा रंग, कपाळावर मोर, आत कॅसेटचा टेप. मालकाचं मन तिथंच गेलं. दुसरी गाडी म्हणजे मळकट, नाक मोठं, एका बाजूचा दिवा फुटलेला. मिस्त्रीनं प्रामाणिकपणे सांगितलं, "देखो चाचा, निळी हलकी हाय, जवळच्या सपाट रस्त्याला एकदम झकास. ती काळपट तिकडची, तिचं इंजिन मोठं. घाटबिट, लांबचा पल्ला, कुठंबी न्या. पर डिझेल पिती, अन् चालती म्हशीवानी."

सासरे दोन्ही गाड्यांभोवती फिरले. चाकं दाबली. पाट्यांखाली वाकून बघितलं, जसं बैलाच्या पायांत बघतात. मग मोठ्या नाकावर तळहात ठेवून म्हणाले, "चालू कर." इंजिन घरघरलं. म्हातारा डोळे मिटून उभा. मिस्त्री हसू दाबून माझ्याकडं बघतोय, मी पदरात तोंड घातलेलं.

"चाचा, दात बी बघणार का?"

"तुझे बघू का आधी?" सासरे म्हणाले. "हे बघ, आमच्यात रिकामा बैल कोणी पारखत न्हाई. ओझं लादायचं, चढावर न्यायचं, अर्ध्यात थांबवायचं. धावत धावत कुणीबी चढतं. थांबल्यावर पुन्हा उचललं तर तो बैल. आमच्या चढावर आण दोन्ही, डोझर लादून."

मिस्त्री म्हणाला आजवर असं कुणी मागितलं नाही. पण गिऱ्हाईक पक्कं दिसत होतं आणि डोझर तसाही साखऱ्यात अडकलेला. कबूल झाला.

पहिल्या दिवशी निळी. साखऱ्याला नाल्याच्या काठाला गाडीची पाठ लावली, काठ आणि गाडीचा मागचा हौदा एका उंचीवर आले, आणि मालकानं डोझर हळूच आत नेला. गाडी केवढी खाली बसली! ओढ्यापर्यंत टेप वाजवत आली. सगळा तांडा चढावर गोळा झालेला. बाया कडेवर लेकरं घेऊन. पळसापाशी सासरे आडवे उभे. काठी वर केली, "थांब!"

गाडी थांबली. मग ड्रायव्हरनं उचलायला घेतली. इंजिन ओरडलं, जळक्याचा वास आला, धूर आला, आणि गाडी पुढं यायच्या ऐवजी हातभर मागं सरकली. बाया किंचाळल्या. मी हातातली कळशी टाकून दगड उचलला आणि मागच्या चाकाखाली सारला. दोघीतिघींनी अजून दगड लावले. शेवटी ती तशीच पाठमोरी ओढ्यात उतरवली आणि तिथल्या काठावर डोझर खाली घेतला.

सासरे एवढंच म्हणाले, "मोराला नेऊ द्या माघारी."

दुसऱ्या दिवशी काळी आली. डोझर ओढ्याच्या काठावरच होता, तो लादला. पळसापाशी थांबली. इंजिनाचा आवाज खाली गेला, इतका खाली की मला वाटलं बंद पडली. क्षणभर काहीच नाही. आणि मग जमिनीतून यावा तसा एक आवाज आला, जाड, सावकाश, आणि गाडी उठली. उठली हेच बरोबर. बसलेला बैल ओझ्यासकट उठतो तशी.

तरी मालकाचा जीव निळीत होता. चढ सोडला तर बाकी कामं जवळच, सपाटीलाच आहेत, चढाखाली मशीन ठेवू, म्हणायला लागला. मालक माझ्याकडं वळला, "तू सांग. तुझ्यासाठीच चाललंय हे."

सगळ्या तांड्यादेखत मला विचारलं. तसं कधी होत नसतं. मी काळीकडं बोट केलं. "ही घ्या. ही कुठंबी अडकून पडणार न्हाई."

सासऱ्यांनी पुढं होऊन आपली दोरी तिच्या बंपरला बांधली. मी हळदकुंकू लावलं. मिस्त्री हात जोडून म्हणाला, "अम्मा, तुमच्या सासऱ्याला नोकरीला ठेवतो."

पहिलं वर्ष मी राणी होते. काम संपलं की गाडी घरी. आणि मालकानं एक सवय लावून घेतली. घरी येताना चढावर पळसापाशी गाडी थांबवायचीच. गंमत म्हणून, बापाला ऐकू जावं म्हणून. ओसरीतून सासरे ओरडायचे, "उचलली का?" आणि खालून तो जाड आवाज यायचा. त्या थांबण्यात मी तवा चुलीवर ठेवायची. गाडी उठून, वळण घेऊन दारात येईपर्यंत पहिली भाकरी फुगायची. आवाजावरूनच कळायचं डोझर पाठीवर आहे का नाही. रिकामी गाडी म्हणजे काम चालू, मशीनपाशी रात्रीपुरता राखणदार बसवून आला, सकाळी पुन्हा जाणार. भरलेली म्हणजे काम संपवून आला, चार दिवस घरी. भरल्या गाडीच्या त्या आवाजानं मला काय व्हायचं, ते या वयात लिहायचं नाही म्हणून लिहीत नाही.

पण मला एक गोष्ट कळली नव्हती. अडकून न पडणारी गाडी कुणाला नको असते? साखरा, गोरेगाव सोडून मालकाला कळमनुरीकडून बोलावणी आली, मग आखाडा बाळापूरहून. जिथं बाकीच्यांच्या गाड्या दम टाकतात तिथं ह्याची जाते, अशी गोष्ट पसरली. मग नांदेडच्या पलीकडं, मग यवतमाळच्या डोंगरात, मग कुठं कुठं. काम सरलं की घरी, हे खरं होतं, पण एक काम सरायच्या आत पुढच्या गावाचा माणूस रानात येऊन उभा. आधी एकोणीस दिवस गाडी नाही म्हणून अडकायचा, आता गाडी आहे म्हणून दोन-दोन महिने.

एका पोळ्याला आला तेव्हा मी भांडले. तो हसला. जेवता जेवता म्हणाला, "तूच बोट केलं होतं. मी निळीच म्हणत होतो. निळी असती तर गोरेगावच्या पुढं गेलो नसतो."

गमतीनंच म्हणाला. पण खरंच होतं की. सपाटीची गाडी घेतली असती तर माणूस सपाटीतच राहिला असता. मी त्याला घरी आणायला जोर मागितला आणि त्या जोरानंच त्याला लांब नेलं. बैल पारखायची आमची विद्या ओझं किती उचलतो ते सांगते. तो ओझं घेऊन कुठं जाईल, ते सांगत नाही. आणि सांगायची गरजच काय होती म्हणा, आमच्या जुन्या लोकांत बैलामागं अख्खा तांडा चालायचा. बाया, लेकरं, कोंबड्या, सगळं. मागं कुणी राहतच नव्हतं. वाट बघायची वेळच त्यांच्यावर आली नव्हती.

मी म्हटलं, "मग मला बी न्या."

"अन् लेकरं?"

मी त्याच्या ताटात अजून एक भाकरी वाढली.

सासरे गेले तेव्हा तो यवतमाळकडं होता. निरोप पोचून यायला दीड दिवस लागला. रिकामी गाडी घेऊन आला, पण चढावर थांबला. आम्ही सगळे ओसरीत. वर विचारणारं कुणी नव्हतं. गाडी बराच वेळ तिथं उभी राहिली, मग उठली.

पुढं रबरी चाकांची पिवळी मशीनं आली. ती स्वतःच रस्त्यानं पळत कामावर जातात, त्यांना ट्रक लागत नाही. बघता बघता डोझरची बोलावणी आटली. डोझर भंगारात गेला आणि गाडीला नांदेडकडचं गिऱ्हाईक आलं. मालकानं बंपरची दोरी सोडली. ऊन-पाण्यानं काळी पडलेली, गाठ सुटेना, दातानं सोडवली. गिऱ्हाईक म्हणालं, "राहू द्या की." मालक म्हणाला, "दावं देत नसतात."

म्हणजे शेवटी मला पाहिजे होतं ते मिळालं. माणूस घरी आला. सहा-सात वर्षं दारात होता, रोज. पण घरात असून तो रस्त्याकडं तोंड करून बसायचा. खालून एखादा ट्रक चढायला लागला की मान वर करायचा. "दुसऱ्या गिअरला घेतला, लेकाचा. आता ओरडंल बघ." आणि ओरडायचाच. मी भाकऱ्या थापत म्हणायची, "मन गेलं का घाटात?" तो म्हणायचा, "न्हाई वं. इथंच हाय." खोटं बोलायचा. मी त्या खोट्यावर सुखी होते.

आता तो नाही. दोरी आहे, तिच्यावर आम्ही कपडे वाळत घालतो. चढ कापून कमी केला, डांबर झालं, पळस रस्त्यात गेला. आताच्या गाड्या जोरदार, सोयाबीन भरून एका दमात वर येतात. मला सून विचारते काय ऐकता. गाडी ओढा ओलांडते, आवाज चढायला लागतो, आणि पळसाची जागा येते तेव्हा माझा हात आपोआप तव्याकडं जातो.

गाडी थांबत नाही. वर येते आणि दारावरून निघून जाते.