डायोक्लेशियनची बायको
जबल अलीतल्या ऑफिसांना दुबईच्या करामा भागातल्या एका गाळ्यातून संध्याचे डबे जात. तिने आणि मैत्रीण ताजबीने दोन शेगड्यांवर सुरुवात केली होती. आता पोळ्या लाटायला सहा बायका होत्या. पोळी गार गेली तर संध्याआधी ताजबीच भडकायची. नवरा जगन्नाथ या सगळ्याला 'बायकोचा टाइमपास' म्हणे. लेक शिवानीची शाळा याच टाइमपासवर चालली होती, ते मात्र तो सोयीने विसरे.

दुबईतला मराठी माणूस दर व्हिसाला म्हणतो, 'हा शेवटचा.' परत कुणी जात नाही. जगन्नाथने मात्र २००३ साली खरोखर राजीनामा दिला. घरी विचारलं नाही, नुसतं सांगितलं. निरोपाच्या पार्टीत, लेकीच्या इतिहासाच्या प्रोजेक्टमधली गोष्ट उचलून त्याने भाषण ठोकलं.

"डायोक्लेशियन! रोमचा एम्परर. समुद्रकाठी भलाथोरला राजवाडा बांधला आणि सत्ता आपणहून सोडली. खलास! परत बोलवायला आले तर म्हणाला, मी लावलेला कोबी बघा! आम्हीही चाललो दापोलीला. संध्याचा गाळा या महिन्यात बंद."

टाळ्या पडल्या. ताजबीच्या हातातला घास हातातच राहिला.

संध्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. प्रोजेक्टचा पुठ्ठ्याचा राजवाडा रात्री जागून तिनेच चिकटवला होता, आणि पुढची गोष्टही वाचली होती. ती उठून उभी राहिली.

"अहो, अर्धीच सांगितलीत. त्याला बायको होती, प्रिस्का. मुलगी होती, व्हॅलेरिया. त्याने सत्ता सोडली आणि पुढे नव्या राजाने दोघींना हद्दपार केलं. बाप राजवाड्यातून निरोप धाडतोय, माझी मुलगी परत द्या. पण खुर्ची सोडलेल्याला कुत्रं विचारेना! दोघी वेश पालटून वणवण फिरल्या. शेवटी पकडून मुंडकी उडवली त्यांची."

"मॉम, प्लीज, इट्स अ पार्टी," शिवानी पुटपुटली.

जगन्नाथ कसनुसं हसला. "संध्या, घरी बोलू."

"घरी आधी बोलायचं होतं ते तुम्ही. गाळा बंद होणार नाही."

"अगं, तुझा व्हिसा माझ्या व्हिसावर आहे. माझा खलास, तर तुझा पण खलास."

"उद्या सकाळी गाळ्याच्या लायसन्सवर नाव आहे त्या अरब पार्टनरकडे जाते. माझा व्हिसा धंद्यावर करून मागते."

"आणि नाही झाला तर?"

तिचा आवाज खणखणीत निघाला.

"तर झाला नाही म्हणून जाईन. तुम्ही सोडलंत म्हणून नाही."