दहा बाय बाराचा संसार

स्टाफरूममध्ये डबे उघडले की कुणीतरी विचारतंच, "मॅडम, खोलीची काय खबर?" घर जेवढं लहान, तेवढे किस्से लई. ठेवायला जागा न्हाई म्हणून मी ते वाटत सुटते.

धारूरला मी आणि माझ्या नवऱ्यानं, मिलिंदनं, घर बांधलं. दहा बाय बाराची एकच खोली, मागं मोरी. तिकडं युसूफ वडगावला सासऱ्यांचं सहा खोल्यांचं घर. आण्णांनी, म्हणजे सासऱ्यांनी, अटच घातली: वर्षभर टिकलात तर ठीक, न्हाई तर खोली विकायची अन् गुमान वडगावला यायचं. मला ती खोली सोडायची नव्हती. जन्मात पहिल्यांदा दाराची किल्ली माझ्या पर्समध्ये आलती.

पहिला घोळ कपाटाचा. माझ्या आईनं रुखवतात दिलेलं कपाट दारातून जाईना. उभं, आडवं, तिरपं, सगळं करून झालं. शेवटी ते शेजारच्या रजियाचाचींच्या वऱ्हांड्यात गेलं. तेव्हापासून रोज सकाळी मी साडी आणायला चाचींकडं जाते. त्या चहा पाजतात अन् साडीबी त्याच ठरवतात. "निलीच निली कायको पेनते? आज पीली पेनो." मग मी मुकाट पिवळी नेसते.

शाळेत सगळ्या म्हणतात, मॅडमची आवड झकास हाय. मी थँक्यू म्हणते.

पहिल्याच महिन्यात माझं अन् मिलिंदचं कडाक्याचं वाजलं. कारण आठवत न्हाई, पण चूक त्याचीच होती. मी एका भिंतीकडं तोंड करून बसले, तो दुसऱ्या. त्याच्या भिंतीवर बुद्धांची तसबीर, त्यामुळं तो लवकर शांत झाला. कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या तरी कुणी उठेना. सहाव्या शिट्टीला तो म्हणाला, "गॅस तुझ्याकडं हाय. मी उठलो तर तुला ओलांडावं लागंल, मग म्हणशील पाय लागला."

मला हसू फुटलं. डाळीचं पार पिठलं झालतं, तेच चाटूनपुसून खाल्लं.

आमच्या मुख्याध्यापिका बाईंचा बंगला हाय. रविवार फरशी पुसण्यात जातो, म्हणून सोमवारी कंबर धरून येतात. मला विचारलं, तुला किती वेळ लागतो? मी म्हणाले, गॅसवर दूध ठेवते, ते उतू जायच्या आत होतं. मग आम्ही दोघं किल्ल्यावर जातो.

पुढच्या रविवारी बाई किल्ल्यावर! फरशीचं विचारलं तर म्हणाल्या, "साहेब पुसतायत."

आता खरा किस्सा. वर्ष भरायला आठवडा राहिला अन् आण्णा अन् आई, म्हणजे सासूबाई, दोघं आले. आण्णांनी बसायच्या आधीच सांगितलं, पुरे झाला खेळ, आठवड्यानं काय फरक पडतो, परवा टेम्पो येतोय, सामान बांधा. मी पर्समधली किल्ली चाचपली.

या दोघांचं एक सांगायचं राहिलं. चार वर्षं ते एकमेकांशी बोलत नव्हते. आण्णांनी आईंना न विचारता त्यांची म्हैस विकली, तेव्हापासून. दोघं सहा खोल्यांच्या दोन टोकांना राहायचे अन् मिलिंदला फोन करायचे. "आईला सांग, भाजी खारट झाली." लगेच दुसरा फोन, "आण्णाला सांग, लिंबू पिळा."

खोलीत बसल्या बसल्या आण्णा सवयीनं म्हणाले, "मिल्या, आईला सांग, पाणी दे."

"आण्णा, ती तुमच्या गुडघ्याला गुडघा लावून बसलीय. तुमीच सांगा."

आण्णा खाकरले. आईंनी तांब्या पुढं केला. "घ्या."

चार वर्षांतला पहिला शब्द! आण्णांनी सगळा तांब्या संपवला, तोंड पुसलं. "म्हैस विकाया नको होती."

मग काय, दोन दिवस दोघांचं तोंड थांबेना. बोलायला आम्हालाच जागा न्हाई. आम्ही आपलं गच्चीवर अंथरूण टाकलं.

तिसऱ्या दिवशी टेम्पो दारात आला. मी किल्ली मुठीत धरून उभी. आण्णा बाहेर गेले, ड्रायव्हरला चहा पाजला अन् टेम्पो रिकामाच परत धाडला. आत आले, चष्मा पुसला, एकदा खोलीभर नजर फिरवली.

"मिल्या, तुझ्या गवंड्याचा नंबर दे. आमालाबी दहा बाय बाराच बास."