ताई, जरा रडा ना

सुनंदाताई बाहुल्यांचे खेळ करतात. नव्या खेळासाठी लोकांकडे ऑनलाइन निधी मागायचा म्हणून मी त्यांचा व्हिडिओ काढत होते. ताई हातातल्या राक्षसाला शिंका आणत होत्या. निधी जमवून देणाऱ्या कंपनीचे साहेब मध्येच म्हणाले, "ताई, जरा रडा ना. घरच्या अडचणी सांगितल्या की पैसे पटकन येतात."

"अहो, खेळ विनोदी आहे माझा!"

माझा संताप झाला. कलावंताने कला दाखवायची की जखमा? गावात नाटकाला वर्गणी देणारा माणूस नाटक बघायला मिळावं म्हणून देतो, नटाची कीव येते म्हणून नाही. दयेवर उभा राहिलेला खेळ उद्या कुणाची टर उडवणार?

आम्ही शिंकांचाच व्हिडिओ टाकला. आठवडाभरात एकाच बाईंनी पैसे दिले आणि खाली विचारलं, "खेळ कधी आहे?"